अडलेले उदाहरण सुटते कसे?



सुरुवातीला एक सोपे उदाहरण घेऊ. एक मनुष्य सायकलवरून ताशी १२ कि.मी. वेगाने शेजारच्या गावी गेला आणि त्याच रस्त्याने ताशी ८ कि.मी. वेगाने परत आला. तर संपूर्ण प्रवासात त्याचा सरासरी वेग किती?

बहुतेकांच्या तोंडी चटकन उत्तर येते, ताशी १० कि.मी. बारा आणि आठ यांची बेरीज वीस, वीसचे निम्मे दहा. पण जरा थांबा. समजा, ते गाव २४ कि.मी. दूर आहे. मग जायला २ तास लागले आणि यायला ३ तास. म्हणजे ५ तासांत ४८ कि.मी. प्रवास झाला. ४८ ला ५ ने भागा. सरासरी वेग ताशी ९.६ कि.मी. येतो. गाव ४८ कि.मी. दूर मानले तर ४ आणि ६ मिळून १० तासांत ९६ कि.मी. होतात आणि उत्तर पुन्हा ९.६ च येते. दहा येत नाही, कारण कमी वेगाने तो मनुष्य जास्त वेळ चालला आहे.

येथे चूक कोठे झाली? बेरीज चुकली नाही, भागाकारही चुकला नाही. 'सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ' हा अर्थ विचारात घ्यायचा राहून गेला. गृहपाठातील बरीच उदाहरणे अशीच अडतात किंवा चुकतात. मग आपण पुस्तकाच्या शेवटचे उत्तर पाहतो, मार्गदर्शक उघडतो, मित्राची वही मागतो. हल्ली तर उदाहरणाचा मोबाईलने फोटो काढला की सगळ्या पायऱ्यांसकट उत्तर समोर येते. वही पूर्ण होते, पण आठ दिवसांनी त्याच जातीचे दुसरे उदाहरण आले की आपण पुन्हा तेथेच अडतो. म्हणून अडलेले उदाहरण आपले आपण सोडवण्याच्या आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे आपले आपण ठरवण्याच्या काही जुन्या आणि खात्रीच्या वाटा आज पाहू.

आधी तीन प्रश्न

जॉर्ज पोल्या (१८८७–१९८५) हे बुडापेस्ट येथे जन्मलेले मोठे गणिती. उदाहरणे कशी सोडवावीत याच विषयावर त्यांनी १९४५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी या कामाचे चार टप्पे सांगितले. प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, योजना पार पाडणे आणि शेवटी मागे वळून पाहणे. आपण मात्र बहुधा तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो!

उदाहरण वाचल्यावर लगेच आकडेमोड करू नका. कच्च्या वहीत तीन गोष्टी लिहा. काय दिले आहे? काय विचारले आहे? आणि या दोहोंना जोडणारे काय आहे? सायकलच्या उदाहरणात दोन वेग दिलेले होते, सरासरी वेग विचारला होता, आणि त्यांना जोडणारे होते अंतर व वेळ. हे तीन प्रश्न लिहिले असते तर दहा हे उत्तर आलेच नसते. एवढे लिहूनही वाट दिसली नाही, तर पुढील उपायांपैकी एखादा करून पाहा.

उलट दिशेने चला

आता हे उदाहरण पाहा. रमेशने जवळच्या पैशांपैकी निम्मे पैसे वह्यांवर खर्च केले. उरलेल्यांतून १० रुपये बसभाडे दिले. मग जे राहिले त्याचा तिसरा भाग देऊन पेन घेतले. घरी आला तेव्हा त्याच्याजवळ ४० रुपये होते. तर सुरुवातीला त्याच्याजवळ किती रुपये होते?

पुढून सुरुवात केली तर काहीच हाती लागत नाही, कारण सुरुवातीची रक्कमच ठाऊक नाही. ठाऊक आहे ती शेवटची. मग शेवटाकडून मागे चला. तिसरा भाग गेल्यावर ४० उरले, म्हणजे ४० हे दोन तृतीयांश आहेत. तर पेन घेण्यापूर्वी ६० रुपये होते. बसभाड्याचे १० परत मिळवा, ७० झाले. हे ७० म्हणजे निम्मे, म्हणून सुरुवातीला १४० रुपये होते. आता सरळ दिशेने ताळा पाहा. १४० चे निम्मे ७०, त्यातून १० गेले ६०, त्यातून त्याचा तिसरा भाग २० गेला, उरले ४०. जुळले.

या रीतीला आपल्याकडे 'व्यस्तविधी' किंवा 'विलोमविधी' म्हणत. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ती सांगितली आहे. गुणाकाराच्या जागी भागाकार करावा, भागाकाराच्या जागी गुणाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी आणि वजाबाकीच्या जागी बेरीज. मात्र क्रमही उलटा हवा, हे विसरू नका. मोजे घालून मग बूट घालता, पण काढताना आधी बूट काढावे लागतात. तसेच हे आहे.

मनाजोगी संख्या मानून पाहा

प्राचीन इजिप्तमधील अहमेस नावाच्या लेखनिकाने इ.स.पूर्व १५५० च्या सुमारास पपायरसच्या गुंडाळीवर पुष्कळ उदाहरणे उतरवून ठेवली. ही गुंडाळी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातील एक उदाहरण असे आहे : एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती राशी कोणती?

अहमेसजवळ 'क्ष' नव्हता. त्याने सरळ मानले की राशी ७ आहे. सातच का? कारण सातव्या भागाचा अपूर्णांक टळतो. ७ आणि तिचा सातवा भाग १, मिळून ८ झाले. पण हवेत १९. मग १९ हे ८ च्या जितके पट आहेत, तितक्या पटीने ७ ला वाढवा. १९ भागिले ८ म्हणजे २ पूर्णांक ३/८. त्याला ७ ने गुणले की १६ पूर्णांक ५/८. हेच उत्तर. ताळा पाहा. या राशीचा सातवा भाग २ पूर्णांक ३/८ आणि दोहोंची बेरीज बरोबर १९.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथातही (इ.स. ११५०) हीच रीत 'इष्टकर्म' या नावाने आहे. इष्ट म्हणजे आपल्याला हवी ती मानलेली संख्या. सायकलच्या उदाहरणात आपण अंतर २४ कि.मी. मानले, तेही एका प्रकारे इष्टच होते. शेकडेवारीच्या उदाहरणात 'मूळ किंमत १०० मानू' असे म्हणतो, तेही तेच.

पण ही रीत कोठेही चालते असे समजू नका. हे उदाहरण घ्या : एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले तर ३२ होतात. येथे ४ मानू. तिप्पट १२, त्यात ५, झाले १७. आता ३२ भागिले १७ करून ४ ला गुणले तर साधारण ७.५ येतात. ताळा पाहा. साडेसाताची तिप्पट साडेबावीस आणि पाच, म्हणजे साडेसत्तावीस. ३२ काही येत नाहीत!

असे का झाले? मानलेली संख्या दुप्पट केली तर तिची तिप्पटही दुप्पट होते, पण वरचे ५ मात्र ५ च राहतात. ते पटीत वाढत नाहीत. अहमेसच्या उदाहरणात असा सुटा आकडा नव्हता. म्हणून रीत पाठ करण्यापेक्षा ती का चालते हे समजणे महत्त्वाचे. ते समजले की कोठे चालणार नाही हेही कळते.

अशा ठिकाणी एकाऐवजी दोन संख्या मानून पाहा. ४ मानल्यावर १७ आले, म्हणजे १५ कमी पडले. ६ मानल्यावर २३ येतात, म्हणजे ९ कमी पडतात. संख्या २ ने वाढवली तेव्हा तूट ६ ने घटली. तर उरलेली ९ ची तूट भरण्यास संख्या आणखी ३ ने वाढवली पाहिजे. ६ आणि ३ मिळून ९. ताळा : ९ ची तिप्पट २७ आणि ५, झाले ३२.

क्ष मानण्याची सोय

आता बीजगणिताचा उपयोग लक्षात येईल. दर वेळी संख्या मानून पाहण्यापेक्षा, जी माहीत नाही तिलाच एक नाव द्यायचे आणि ती माहीत असल्याप्रमाणे वागायचे. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्-तावत्' म्हणत, आणि अज्ञात राशी अधिक असल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. आपण क्ष आणि य म्हणतो, इतकेच.

खरे अवघड काम असते ते शब्दांचे समीकरण करण्याचे. हे उदाहरण पाहा : आज आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. ६ वर्षांनी ते तिप्पट होईल. तर आजची वये सांगा.

मुलीचे आजचे वय क्ष मानू. आईचे वय ४क्ष. सहा वर्षांनी मुलगी क्ष + ६ आणि आई ४क्ष + ६ वर्षांची होईल. तेव्हा आईचे वय मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या तिप्पट असेल. म्हणून

४क्ष + ६ = ३(क्ष + ६)
४क्ष + ६ = ३क्ष + १८
क्ष = १२

मुलगी १२ वर्षांची, आई ४८ वर्षांची. सहा वर्षांनी १८ आणि ५४, आणि ५४ ही १८ ची तिप्पट आहे.

या उदाहरणात दोन चुका हमखास होतात. कोणी मुलीच्या वयात ६ मिळवायला विसरतो आणि ४क्ष + ६ = ३क्ष असे लिहितो. उत्तर येते उणे ६. कोणी कंस सोडवताना ३ ने फक्त क्ष ला गुणतो आणि ६ तसेच ठेवतो. मग ४क्ष + ६ = ३क्ष + ६ होते आणि क्ष = ० येतो. म्हणजे मुलगी आजच जन्मली आणि तिची आईही आजच जन्मली! अशा वेळी उत्तरच आपल्याला ओरडून सांगत असते की कोठेतरी चुकले आहे. ते ऐकायची सवय मात्र हवी.

'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा नियम सर्वांना पाठ असतो. पण त्याचा अर्थ काय? समीकरण म्हणजे वाण्याचा समतोल तराजू. दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन काढले तर तराजू कलत नाही. ४क्ष + ६ = ३क्ष + १८ यातून दोन्हीकडचे ३क्ष काढले, मग दोन्हीकडचे ६ काढले, आणि क्ष = १२ राहिले. काही पलीकडे उडी मारून गेले नाही. वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली समान लांबीच्या दोन समांतर रेघांचे '=' हे चिन्ह छापले, ते दोन्ही बाजू सारख्या आहेत हे दाखवण्यासाठीच. प्रत्येक ओळ लिहिताना तराजू डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चिन्हांच्या चुका आपोआप कमी होतील.

आकृती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका

भूमितीचे उदाहरण नुसते वाचून सुटत नाही. 'लीलावती'त एक गमतीचे उदाहरण आहे, त्याचा आशय असा. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. बिळापासून २७ हातांवर साप दिसला. तो बिळाकडे येऊ लागताच मोराने तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर तोडले आणि ते भेटले. तर ते बिळापासून किती हातांवर भेटले?

कागदावर उभी रेघ काढा, तो खांब. पायथ्यापासून आडवी रेघ काढा, ती सापाची वाट. आडव्या रेघेवर भेटीचा बिंदू घेऊन तो खांबाच्या टोकाला जोडा. काटकोन त्रिकोण दिसू लागला! सापाने तोडलेले अंतर क्ष मानले, तर मोराचे अंतर, म्हणजे कर्ण, तोही क्ष. पायथ्यापासून भेटीपर्यंत २७ − क्ष. आता पायथागोरसच्या सिद्धांताने

(२७ − क्ष)² + ८१ = क्ष²
७२९ − ५४क्ष + ८१ = ०
क्ष = १५

म्हणून भेट बिळापासून २७ − १५ = १२ हातांवर झाली. ताळा : १२ चा वर्ग १४४, ९ चा वर्ग ८१, बेरीज २२५, आणि तो १५ चा वर्ग. आकृती काढली नसती तर काटकोन त्रिकोण सापडलाच नसता.

कधी कधी दिलेली आकृती पुरत नाही, तेव्हा आपण एक रेषा जास्तीची काढावी. दोन समांतर आडव्या रेषा काढा. वरच्या रेषेवर क आणि खालच्या रेषेवर ग हे बिंदू घ्या. त्या दोन रेषांच्या मधोमध, थोडा उजवीकडे, ख हा बिंदू घ्या. कख आणि खग जोडा. कख वरच्या रेषेशी उजव्या बाजूला ३५° चा कोन करते आणि गख खालच्या रेषेशी उजव्या बाजूला ५०° चा. तर कोन कखग किती? ख मधून दोन्ही रेषांना समांतर अशी तिसरी रेषा काढा. ती रेषा कोन कखगचे दोन तुकडे करते. व्युत्क्रम कोनांमुळे वरचा तुकडा ३५° आणि खालचा ५०° आहे. म्हणून कोन कखग ८५°.

आकृतीबाबत एक सावधगिरी बाळगा. त्रिकोण दिला असेल तर समभुज किंवा समद्विभुज काढू नका, तीनही बाजू वेगळ्या दिसतील असाच काढा. नाहीतर जे दिलेले नाही तेही डोळ्यांना दिसू लागते, आणि 'आकृतीत दिसते म्हणून समान' असे आपण सिद्धतेत लिहून बसतो.

तीन ताळे

पोल्यांचा चौथा टप्पा आठवतो ना? मागे वळून पाहणे. वर प्रत्येक उदाहरणात आपण उत्तर मूळ प्रश्नात घालून पाहिले. हा ताळा सर्वांत उत्तम. तो समीकरणात घालू नका, प्रश्नाच्या शब्दांत घाला. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर चुकीचे उत्तरही त्यात बरोबर बसते.

अंकगणितात आणखी ताळे आहेत. ४७ × ६८ = ३१९६ हा गुणाकार घ्या. नऊचा ताळा पाहू. ४ + ७ = ११, पुन्हा १ + १ = २. ६ + ८ = १४, १ + ४ = ५. २ × ५ = १०, म्हणजे १. उत्तराचे अंक ३ + १ + ९ + ६ = १९, मग १०, मग १. जुळले.

पण उतरवताना कोणी ३९१६ लिहिले तर? अंक तेच आहेत, म्हणून नऊचा ताळा जुळतोच! शेवटचा अंक पाहावा, तर ७ × ८ = ५६, म्हणून शेवटी ६ हवा, आणि तोही आहे. आता अंदाज घ्या. ४७ ला ५० मानले, ६८ ला ७० मानले, दोन्ही वाढवूनच घेतले. गुणाकार ३५०० आला. खरे उत्तर त्याहून कमीच असले पाहिजे. म्हणजे ३९१६ शक्य नाही. एका ताळ्यातून निसटलेली चूक दुसऱ्या ताळ्यात सापडते. ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक. पण एकच ताळा जुळला म्हणून उत्तर नक्की बरोबर, असे नेहमीच म्हणता येत नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

शिक्षकांना एक विनंती

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख अनेकांना माहीत असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तो इ.स. १२०७ चा आहे. गणिताचे ग्रंथ गुरूने शिष्याला उलगडून सांगावे लागतात, ही जाण तेव्हाही होती. वर्गात फळ्यावर तयार रीत लिहिण्यापूर्वी 'काय दिले आहे, काय विचारले आहे' एवढे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे. चुकीचे उत्तर आले तर ते लगेच पुसू नये. ते ताळ्यात घालून पाहण्यास त्याच विद्यार्थ्याला सांगावे. त्याची चूक त्यालाच सापडली, तर ती सहसा पुन्हा होत नाही. गृहपाठ तपासताना उत्तराइतकेच गुण ताळ्याला दिले, तर मुले ताळा आवडीने करू लागतील.

आता तुम्ही सोडवा

(१) ३२ हात उंच बांबू वाऱ्याने एका जागी मोडला आणि त्याचे टोक बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकले. तो किती उंचीवर मोडला? (हेही 'लीलावती'तलेच उदाहरण आहे. आधी आकृती काढा. उभा राहिलेला भाग आणि मोडलेला भाग मिळून ३२ हात होतात.)

(२) दुकानदाराने सायकलची किंमत शेकडा २० ने वाढवली आणि गिऱ्हाईक मिळेना म्हणून नवी किंमत शेकडा २० ने कमी केली. आता किंमत मूळच्याइतकी झाली, जास्त झाली की कमी? (इष्ट संख्या कोणती मानाल?)

(३) एका अंगणात शेळ्या आणि कोंबड्या मिळून ३० डोकी आणि ८४ पाय आहेत. शेळ्या किती? (सगळ्या कोंबड्याच आहेत असे मानून पाहा, मग क्ष मानून सोडवा. दोन्ही उत्तरे सारखी आली पाहिजेत.)

या तीन उदाहरणांची उत्तरे आम्ही पुढच्या पानावर किंवा पुढच्या अंकात देणार नाही. त्यांची तुम्हाला गरजच पडणार नाही. बांबूचे दोन भाग काटकोन त्रिकोणात बसतात का पाहा, शेळ्या-कोंबड्यांचे पाय मोजा, आणि किंमत १०० ऐवजी ५०० मानूनही तोच निष्कर्ष निघतो का ते तपासा. ताळा जुळला, की वहीत उत्तराखाली दोन रेघा मारा आणि पुढचे उदाहरण घ्या.